कॅरॅव्हॅनच्या दुहेरी खिडकीत साचलेलं दव कसं काढायचं

सकाळी कॅरॅव्हॅनची, म्हणजे चाकांवरच्या फिरत्या घराची, खिडकी धूसर दिसली की आधी बोट फिरवून पाहा. आतून पुसलं गेलं तर ते राहणाऱ्यांच्या श्वासाचं आणि स्वयंपाकाचं बाष्प. बाहेरून पुसलं गेलं तर साधं दव, ऊन वर आलं की जाईल. दोन्ही बाजूंनी पुसूनही धूसरपणा जागचा हलला नाही, तर पाणी दोन तावदानांच्या मधल्या पोकळीत आहे. खालची बहुतेक माहिती या तिसऱ्या प्रकाराची आहे, कारण त्यातच लोक घाईनं खिडकी बिघडवून बसतात.

ब्रिटन आणि युरोपातल्या टूरिंग, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायच्या, कॅरॅव्हॅनच्या खिडक्या काचेच्या नसतात. घरातल्या दुहेरी काचेच्या खिडकीत दोन काचांमध्ये पट्टी असते, तिच्या पोटात बाष्प शोषणारे दाणे असतात आणि कडा पक्क्या सील केलेल्या असतात. कॅरॅव्हॅनला इतकं वजन परवडत नाही, म्हणून तिथे काचेसारखं पारदर्शक प्लास्टिक, म्हणजे अ‍ॅक्रिलिक वापरतात. बाहेरचं तावदान सपाट किंवा किंचित वळवलेलं असतं, आतलं तापवून ताटासारखं खोलगट केलेलं असतं, आणि दोन्ही कडेनं एकमेकांना चिकटवलेली असतात. पोकळीत शोषक दाणे नसतात, फक्त हवा असते.

अ‍ॅक्रिलिक बाष्प शोषतं आणि हळूहळू आरपारही जाऊ देतं. थोडा हिशेब करू. दीड मीटर लांब, ६० सेंटीमीटर उंच खिडकी आणि मधली पोकळी सरासरी २ सेंटीमीटर धरली तर आत १८ लिटर हवा मावते. २० अंश सेल्सिअसला बाष्पानं पूर्ण भरलेल्या हवेत घनमीटरमागे सुमारे १७ ग्रॅम पाणी असतं. म्हणजे त्या १८ लिटर हवेत जेमतेम ०.३ ग्रॅम, पाच-सहा थेंब. एवढ्यानं अख्खी खिडकी आंधळी होते. आता तावदानांकडे पाहा. ३ मिलिमीटर जाडीची दोन शीट मिळून सहा किलोच्या वर भरतात. त्यांनी वजनाच्या एक टक्का जरी पाणी धरलं तरी ते साठ ग्रॅमच्या पुढे जातं. खरा साठा तिथे आहे, हवेत नाही.

यावरून पुढचं बरंच ठरतं. तासाभरात पोकळीतली हवा कोरडी केली आणि खिडकी लखलखीत दिसली, तरी शीटमधलं पाणी परत पोकळीत येतं आणि चार दिवसांनी थंड पहाटे धुकं हजर. कडांना सीलंट फासूनही उपयोग नसतो, कारण बाष्प शीटमधूनच येतं. आणि थंडीत सकाळी कोपऱ्यात धरलेलं, दुपारपर्यंत विरलेलं हलकं धुकं हा दोष धरायचाच नाही. हात घालायची वेळ येते ती दुपार झाली तरी धुकं हटत नसेल, थेंब ओघळून तळाशी पाण्याची रेघ साचत असेल, किंवा पांढरे डाग आणि हिरवी बुरशी दिसू लागली असेल तेव्हा.

बुचं शोधा

बहुतेक खिडक्यांच्या आतल्या तावदानाला दोन किंवा जास्त छोटी बुचं असतात, पारदर्शक प्लास्टिकची किंवा रबराची, नखाएवढी. ती सहसा कोपऱ्यांजवळ असतात. काही खिडक्यांत ती कडीच्या पट्टीखाली किंवा आधाराच्या दांडीच्या बैठकीखाली लपलेली असतात, तेव्हा पट्टीचे स्क्रू काढल्याशिवाय दिसत नाहीत. टॉर्च तिरपी धरून कडेकडेनं पाहिलं की भोकाची गोल कड चमकते.

आधी सगळी बुचं जागेवर आहेत का ते मोजा. एखादं गळून पडलेलं असेल तर अर्धं निदान तिथेच झालं. बूच काढायला नख किंवा प्लास्टिकची पट्टी वापरा. स्क्रूड्रायव्हर निसटला की अ‍ॅक्रिलिकवर कायमचा ओरखडा उठतो. काढलेली बुचं डबीत ठेवा. ती पारदर्शक असल्यामुळे कार्पेटवर पडली की सापडत नाहीत.

बुचं काढल्यावर खिडकीला वेळ द्यायचा. इथे हवामान समजून घेतलं तर काम सोपं होतं. लोक कडक उन्हाळ्याची वाट पाहतात, पण शून्य अंशाच्या हवेत घनमीटरमागे जास्तीत जास्त ५ ग्रॅमच्या आसपास बाष्प मावतं. तीच हवा कॅरॅव्हॅनमध्ये घेऊन २० अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली येते. म्हणजे हिवाळ्यात आत कोणी राहत नसताना, गॅस बंद ठेवून, विजेचा हीटर सुरू ठेवला तर खिडक्या चांगल्या वाळतात. पावसाळी, १८ अंशांच्या, ९० टक्के आर्द्रतेच्या इंग्लिश ऑगस्टमध्ये बुचं उघडून ठेवली तर मात्र पाणी आत भरलं जाईल.

डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढणारं यंत्र, असेल तर उत्तम. थंडीत शोषक चाकाचा प्रकार घ्या. कॉम्प्रेसरवाला १० अंशांच्या खाली फारसं पाणी काढत नाही. आतली आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास आणून एक-दोन आठवडे टिकवा. कॅरॅव्हॅनच्या कायम उघड्या झरोक्यांतून बाहेरची हवा येत राहते, म्हणून या काळापुरती त्यांच्यावर कागदी टेप लावता येते. पण तशी लावली तर दारावर ठळक चिठ्ठी चिकटवा, आणि गॅस सुरू करण्याआधी किंवा आत झोपण्याआधी टेप काढा. ते झरोके गॅसच्या सुरक्षिततेसाठी असतात, त्यात हयगय नको.

बुचं परत कधी लावायची

तावदानं वाळल्यावर घाईनं बुचं दाबू नका. सील झाली त्या क्षणाची हवा आत कैद होते. २० अंशांना ६० टक्के आर्द्रतेची हवा बंद केली, तर बाहेरचं तावदान १२ अंशांवर आलं की दव धरतं, म्हणजे ब्रिटनमध्ये जवळजवळ रोज रात्री. ३० टक्क्यांची हवा बंद केली तर दव धरण्याचं हे तापमान, म्हणजे दवबिंदू, २ अंशांपर्यंत खाली जातो. दहा-बारा पौंडांचा आर्द्रतामापक हाताशी असला म्हणजे अंदाजावर चालावं लागत नाही.

तापमानही पाहायचं. भर उन्हात ३५ अंशांना तापलेल्या खिडकीला बुचं लावली आणि रात्री पारा ५ वर आला, तर आतली हवा साधारण दहा टक्के आकसते. तावदानं मधोमध आत ओढली जातात आणि सगळा ताण कडेच्या जोडावर येतो. उलट थंडीत बंद केलेली खिडकी उन्हात फुगते. म्हणून सावलीत, १५ ते २० अंशांना बंद करा. डोंगरातही हेच होतं: समुद्रसपाटीला बंद केलेली खिडकी आल्प्समधल्या दोन हजार मीटरच्या घाटात गेली की बाहेरचा दाब सुमारे पाचव्या हिश्शानं कमी असतो. तावदान फुगलेलं दिसलं तर एक बूच मिनिटभर काढून परत लावायचं, एवढंच.

पंप आणि डबा

हवामान साथ देत नसेल, किंवा एकाच खिडकीचा प्रश्न असेल, तर बंद चक्राची ही पद्धत सगळ्यात खात्रीची. लागणारं सामान:

– फिश टँकचा छोटा हवेचा पंप, मिनिटाला एक-दोन लिटर हवा देणारा
– पाच लिटरचा घट्ट झाकणाचा डबा
– अर्धा किलो सिलिका जेल, नारिंगी रंगाचं (ओलं झालं की हिरवं पडतं, निळ्यात कोबाल्टचा विषारी क्षार असतो, तो नको)
– ४ मिलिमीटर आतला, ६ मिलिमीटर बाहेरचा व्यास असलेली सिलिकॉनची नळी, दोन मीटर
– डिजिटल आर्द्रतामापक, कापूस, चिकटमाती

जेल जाळीच्या पिशवीत भरून डब्यात ठेवा. पंपही डब्यातच ठेवा, म्हणजे तो डब्यातलीच हवा ओढेल. पंपाच्या तोंडाची नळी झाकणातून काढून खिडकीच्या एका भोकात घाला. शक्य तितक्या दूरच्या, तिरक्या कोपऱ्यातल्या भोकातून दुसरी नळी परत डब्यात आणा. मापक डब्यात, परतीच्या नळीच्या तोंडाशी. पंपाच्या तोंडाशी कापसाचा सैल बोळा ठेवा, नाहीतर जेलची भुकटी पोकळीत जाते आणि ती काढणं हे धुकं काढण्याहून अवघड. वायर आणि नळ्यांच्या भोकांना चिकटमाती लावा.

पंप सुरू केल्यावर पहिली पाच मिनिटं तिथेच उभं राहा. परतीची नळी मुडपली किंवा चोंदली तर पोकळीत दाब चढतो. ०.१ बार हा आकडा किरकोळ वाटतो, पण ०.९ चौरस मीटरच्या तावदानावर तो नऊशे किलोंच्या वजनाएवढा जोर होतो. जोड त्याच्या कितीतरी आधी सुटेल. टायरचा कॉम्प्रेसर खिडकीला जोडायचा नाही तो याच कारणानं. व्हॅक्युम क्लीनरची नळी भोकावर घट्ट दाबणं हा उलट्या दिशेचा तोच प्रकार, त्यात तावदान आत ओढलं जातं.

धुकं काही तासांत जाईल. तिथे थांबू नका, खरं काम तिथून पुढे आहे. पंप निदान आठवडाभर चालू द्या. मधल्या काळात मापकाची एक परीक्षा घ्या: आकडा ३० च्या खाली गेला की पंप रात्रभर बंद ठेवा आणि सकाळी सुरू करून पहिल्या दहा मिनिटांतला आकडा पाहा. तो उसळी मारून ५० च्या वर गेला तर शीटमध्ये अजून बरंच पाणी आहे, चालू ठेवा. ३५ च्या आसपास स्थिरावला तर बुचं लावायला हरकत नाही. जेल हिरवं पडलं की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांना दोन-तीन तास भाजून पुन्हा वापरता येतं. हवा निम्मी आर्द्र असेल तेव्हा ते स्वतःच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढं पाणी धरतं, म्हणजे अर्ध्या किलोत शंभर ग्रॅम. शीटमधल्या पाण्याच्या हिशेबाशी ताडून पाहिलं तर हे प्रमाण पुरेसं आहे.

जेलची एखादी पुडी पोकळीतच कायमची सोडून द्यायचा सल्ला अधूनमधून ऐकू येतो. शीटमधून बाष्प येतच राहतं, त्यामुळे पुडी लवकरच भरते आणि मग नुसती खुळखुळत राहते.

बुचंच नसतील तर

मग भोक पाडावं लागतं. खिडकी हमीच्या मुदतीत असेल तर त्याआधी विक्रेत्याला दाखवा, भोक पाडल्यावर हमी विसरायची. भोक फक्त आतल्या तावदानाला, वरच्या एका कोपऱ्यात आणि तिरक्या समोरच्या खालच्या कोपऱ्यात, कडेच्या जोडापासून किमान दोन सेंटीमीटर आत. धातूचं नेहमीचं ड्रिल बिट अ‍ॅक्रिलिकमध्ये चावा घेतं आणि पलीकडे निघताना भेग पाडतं. प्लास्टिकचं खास बिट घ्या, किंवा साध्या बिटची धार दगडावर किंचित बोथट करा. आधी ३ मिलिमीटर, मग ६. वेग कमी, जोर अगदी हलका, आणि बिटवर खोलीची खूण म्हणून टेप गुंडाळा म्हणजे ते बाहेरच्या तावदानापर्यंत पोहोचणार नाही. जमल्यास खिडकी काढून, आतलं तावदान खाली येईल अशी धरून, खालून भोक पाडा. कीस आपोआप बाहेर पडतो. पोकळीत गेलेला कीस स्थिर विजेमुळे तावदानाला चिकटून बसतो आणि मग आयुष्यभर दिसत राहतो.

खिडकी काढताना दोन माणसं लागतात. आधाराच्या दांड्या सोडवल्या की ती वरच्या ॲल्युमिनियमच्या पन्हळीत लटकते. काही बनावटींत पूर्ण वर उचलली की निघते, काहींत पन्हळीच्या टोकाचं झाकण काढून आडवी सरकवावी लागते. भोकांना रबराची किंवा सिलिकॉनची बुचं लावा. मऊ पीव्हीसीची नकोत, त्यातलं तेल अ‍ॅक्रिलिकमध्ये उतरून तडे पाडतं.

डाग आणि हिरवळ

नळाच्या पाण्यानं पोकळी धुवू नका. लंडन आणि आग्नेय इंग्लंडचं पाणी जड आहे, वाळलं की चुन्याचे ओघळ राहतात. २००-३०० मिलिलिटर डिआयोनाइज्ड, म्हणजे क्षार काढलेल्या, पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचा एकच थेंब टाकून सिरिंजनं भोकातून सोडा. खिडकी काढून आडवी-उभी हलवा, ओता, आणि नुसत्या डिआयोनाइज्ड पाण्यानं दोनदा विसळा. मग पंप. आत मायक्रोफायबर गुंडाळलेलं छोटं चुंबक घालून बाहेरून दुसऱ्या चुंबकानं फिरवणंही होतं, पण एक वाळूचा कण मध्ये आला तर गोल ओरखडे उठतात. विसळून भागत असेल तर चुंबकाच्या वाटेला जाऊ नये.

स्पिरिट, आयसोप्रोपिल अल्कोहोल, थिनर, अ‍ॅसिटोन, पेट्रोल, अमोनिया असलेले काच पुसायचे फवारे, यांतलं काहीही अ‍ॅक्रिलिकला लावायचं नाही. “अल्कोहोल लवकर उडतं, पाणी घेऊन जातं” हा तर्क बरोबर वाटतो, पण ताणाखालच्या अ‍ॅक्रिलिकवर त्यानं केसासारख्या बारीक भेगांचं जाळं उमटतं. कड्या आणि वळणांपाशी ते आधी दिसतं, आणि त्यावर उपाय नाही.

हेअर ड्रायरचंही तसंच. अ‍ॅक्रिलिक शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि ड्रायर जवळ धरला तर त्याच्या तोंडाची हवा तेवढी तापू शकते. त्याहून मोठं कारण म्हणजे प्रसरण. दीड मीटरची शीट ३० अंशांनी तापली तर जवळपास ३ मिलिमीटर वाढते. एकच तावदान तापलं तर ती सगळी ओढाताण जोडावर.

तळाशी पाणी साचत असेल

धुकं आणि साचलेलं पाणी यांत फरक करा. पाच-सहा थेंबांचा हिशेब वर आहेच. तळाशी बोटभर पाणी उभं असेल तर ते हवेतून आलेलं नाही, कुठेतरी वाट आहे. संशय घ्यायच्या जागा ठरलेल्या: हरवलेलं बूच, जादा आवळलेल्या कडीच्या स्क्रूभोवतीची भेग, आधाराच्या दांडीची बैठक, आणि खालच्या कोपऱ्यातला सुटलेला जोड. प्रेशर वॉशर कडेवर मारल्यानं हा कोपरा बऱ्याचदा सुटतो.

वाट शोधायला पोकळी आधी वाळवा. मग एका भोकात रबरी फुग्याचा पंप लावून अगदी हलका दाब द्या आणि कडेवरून साबणाचं पातळ पाणी ब्रशनं फिरवा. बुडबुडे आले तिथे खूण करा, साबण धुऊन टाका. तोंडानं फुंकू नका, श्वास म्हणजे बाष्पच. केसाएवढी फट असेल तर खिडकी काढून, आडवी, कुठलाही ताण नसताना, अ‍ॅक्रिलिकचं पातळ चिकटद्रव्य सुईनं फटीत सोडतात. ते आपणहून आत ओढलं जातं. फट हाताला जाणवत असेल तर न्यूट्रल क्युअर, म्हणजे आम्ल न सोडता वाळणारं, सिलिकॉन, आणि तेही तात्पुरतं समजायचं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन इथे नको. स्क्रूपासून निघालेली भेग वाढत चालली असेल तर दुरुस्तीत पैसे घालू नका.

खोलीच्या बाजूचं पाणी

हा विषय सोपा आहे. दोन माणसं रात्रभरात श्वासातून आणि त्वचेतून अर्ध्या लिटरहून जास्त पाणी सोडतात. एक किलो प्रोपेन जळला की १.६ किलो पाणी तयार होतं, त्यात वरण-भाताच्या कुकरची वाफ वेगळी. छपराची खिडकी बोटभर उघडी, स्वयंपाक करताना पंखा सुरू, आणि खिडकीच्या कडीला हवा येऊ देणारी दुसरी खाच असलीच तर कडी त्या खाचेत. शेगडी पेटवून खोली तापवणं धोक्याचं आहे, कार्बन मोनॉक्साइडमुळे, आणि ओल वाढते ती वेगळीच. धूर बाहेर सोडणारा, ट्रुमा कंपनीच्या हीटरसारखा बंद ज्वालेचा हीटर आत पाणी टाकत नाही. गाद्या खिडकीला आणि भिंतीला टेकवून ठेवू नका, मागे हवा खेळायला हवी.

महाराष्ट्रात चित्र उलटं

राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. आयात केलेल्या अ‍ॅक्रिलिक खिडक्या लावलेली गाडी असेल तर इथे थंड पडतं ते आतलं तावदान. जुलैत कोकणात दवबिंदू २४-२५ अंशांवर असतो आणि आत एसी २० वर. पोकळीतलं बाष्प आतल्या तावदानाच्या पाठीवर धरतं. एसी २६ वर ठेवणं हा तिथला पहिला उपाय. पावसाळ्यात बुचं उघडायची नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये पुणे-सोलापूरकडे दुपारची आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली असते, तेव्हा गाडी सावलीत उभी करून दुपारभर बुचं काढायची, संध्याकाळी सैल बसवायची, असं आठवडाभर. पक्की मात्र पंपानं हवा कोरडी करून, सकाळच्या गारव्यात लावायची.

खिडकी बदलायचीच झाली तर मोजमापं घेण्याआधी तावदानाच्या कोपऱ्यातला छाप वाचा. त्यात बनवणाऱ्याचं नाव, ४३आर हा सुरक्षा-मान्यतेचा क्रमांक आणि बऱ्याचदा आकाराचा कोड असतो. त्याचा स्पष्ट फोटो, कॅरॅव्हॅनचं मॉडेल आणि वर्ष एवढं सुट्या भागांच्या दुकानाला पाठवा. नवी खिडकी शेकडो पौंडांना पडते, म्हणून मोडीत निघालेल्या कॅरॅव्हॅनची जुनी खिडकीही पाहायला हरकत नाही. घेताना तिच्या कड्यांभोवती आणि खालच्या कोपऱ्यांत टॉर्च तिरपी मारून भेगा तपासा, आणि बुचं सोबत मागून घ्या.